आत येणारा करंट मोजा: 'बक ड्रायव्हर' म्हणून गळ्यात मारलेला खोटा माल

काळ्या रेझिनमध्ये बंद केलेले '700 मिली अँपिअर, कॉन्स्टंट करंट, बक' असे ड्रायव्हर, म्हणजे एलईडी दिव्याला ठरलेलाच करंट पुरवणारी सर्किटं, जे कोणी ठोक भावाने घेतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ट्रॅक्टरचे दिवे, ट्रकचे दिवे, सोलरच्या बॅटरीवर चालणारे वाडी-वस्तीवरचे दिवे, सगळीकडे हा माल जातो. मला मिळालेल्या लॉटमधले बरेचसे नग बक, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज न जाळता करंट सांभाळणाऱ्या जातीचे, नव्हतेच. काउंटरवर मीटर लावून तपासले तर ते पासही होतात, म्हणून ही फसवणूक नीट उलगडून सांगायला हवी.

कराडजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा कोर्स केला, आणि आता जाऊबाईंना सोबत घेऊन दिवे बनवते. गळीत हंगामाच्या तोंडावर ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांची मागणी येते. फडात रात्री ट्रॉली भरताना लख्ख उजेड लागतो, आणि भरलेली ट्रॉली अंधारातून कारखान्याकडे निघाली की मागून येणाऱ्याला ती दिसायला हवी. दिवा बंद पडला तर मोटारसायकलवाला थेट ट्रॉलीवर जाऊन आदळतो. आमच्या भागात हंगामात अशा बातम्या नव्या नाहीत. त्यामुळे या धंद्यात खोटा माल देणं हे माझ्या लेखी नुसतं पैशाचं पाप नाही.

आमच्या दिव्यात तीन पांढरे एलईडी एकामागोमाग सिरीजमध्ये असतात. 700 मिली अँपिअरला प्रत्येकावर साधारण 3.2 व्होल्ट पडतात, म्हणजे तिघांचे 9.6. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन बंद असताना 12 व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू झालं की 14 च्या वर जाते. एलईडीचा स्वभाव असा, की व्होल्टेज थोडं वाढलं तरी करंट भसकन वाढतो. त्यात एलईडी तापला की त्याला लागणारं व्होल्टेज कमी होतं, म्हणून करंट आणखी वाढतो, आणि तो आणखी तापतो. नुसता रेझिस्टर लावून 12 व्होल्टला करंट बरोबर बसवला, तर इंजिन सुरू होताच तो दीडपटीवर जातो. म्हणून बॅटरी कितीही वर-खाली झाली तरी एलईडीला ठरलेलाच करंट देणारा ड्रायव्हर लागतो.

बक जातीच्या ड्रायव्हरमध्ये आयसी एक स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो. स्विच चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते, बंद झाला की तीच ऊर्जा शॉट्की डायोडच्या (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या) वाटेने एलईडीत जाते. करंटच्या वाटेत एक अगदी लहान रेझिस्टर असतो आणि त्याच्यावरचं व्होल्टेज बघून आयसी करंट सांभाळतो. पीटी 4115 या बाजारात सर्रास मिळणाऱ्या आयसीत ते 0.1 व्होल्ट ठरलेलं आहे, म्हणजे 700 मिली अँपिअरसाठी साधारण 0.14 ओम. यात जास्तीचं व्होल्टेज उष्णता होऊन वाया जात नाही. व्होल्टेज जास्त असेल तर बक बॅटरीकडून करंटच कमी ओढतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका व्यापाऱ्याकडून मी आधी नमुन्याचे नग आणले. वर्कशॉपमध्ये 12, 14 आणि 24 व्होल्टला लावून पाहिले, दिवसभर चालवले, एक फोडूनही पाहिला. आत पाच पायांचा आयसी, कॉइल, शॉट्की डायोड, सगळं जिथल्या तिथे. लेबलवर 'इनपुट 10 ते 30 व्होल्ट' होतं आणि नमुना त्याला जागला. मग मी पूर्ण हंगामाचा लॉट सांगितला. शेठ म्हणाले, "ताई, हाच माल, हाच भाव, बिनधास्त राहा." लॉट घ्यायला गेले तेव्हा त्यांनी खोक्यातले मधले नग माझ्यासमोर उचलले, पॉवर सप्लायला जोडले, एलईडीच्या वाटेत मीटर लावला. 0.69 अँपिअर. सप्लाय 14 वरून 18 व्होल्टला नेला, तरी 0.69. मीटर खरा होता, आकडाही खरा होता.

दिवे गेले आणि थोड्याच दिवसांत फोन सुरू झाले. पहिला तांबव्याच्या बाजूच्या एका ट्रॅक्टरमालकाचा. "ताई, दिवं मिचकायला लागलेत की. लावल्यावर लख्ख असतंय, जरा वेळानं बंद पडतंय, मग पुन्हा आपसूक लागतंय." दुसरा म्हणाला, इंजिन बंद केलं की दिवा अगदी मंद होतो. तिसऱ्याने 24 व्होल्टच्या ट्रकवर बसवले होते. त्याचे मिनिटा-दीड मिनिटातच मिचकायला लागले, आणि एकाच्या तर रेझिनला चीर जाऊन जळका वास आला.

ही तिन्ही लक्षणं एकत्र आल्यावर मला आतमध्ये काय असणार त्याचा अंदाज आला. हीट गनने रेझिन मऊ करून नग उकरला. कॉइल नाही. डायोड नाही. वरचे अक्षर घासून काढलेला तीन पायांचा रेग्युलेटर आणि 1.8 ओमचा एक रेझिस्टर, बस्स. ही एलएम 317 या जुन्या, सर्रास मिळणाऱ्या रेग्युलेटर आयसीची पाठ्यपुस्तकात असते तीच जोडणी आहे. तो आयसी रेझिस्टरवर 1.25 व्होल्ट धरून ठेवतो, आणि 1.25 भागिले 1.8 म्हणजे 0.69 अँपिअर. काउंटरवर मीटरने दाखवलेला आकडा नेमका हाच.

म्हणजे शेठनी दाखवलं ते खोटं नव्हतं. ही जोडणी खरोखरच कॉन्स्टंट करंट देते. फक्त उरलेलं सगळं व्होल्टेज ती स्वतःच्या अंगावर घेऊन जाळते. इंजिन चालू असताना 14.4 मधून एलईडीचे 9.6 गेले, उरले 4.8, गुणिले 0.7. सव्वातीन वॅटहून जास्त उष्णता त्या बंद डबीत, तीही आधीच तापलेल्या दिव्याच्या आत. ट्रकवर इंजिन चालू असताना 28 व्होल्ट असतात, तिथे हाच हिशेब पावणेतेरा वॅटवर जातो. एलईडी मिळून जेवढे वॅट घेतात, त्याच्या जवळपास दुप्पट. अतिताप झाला की 317 स्वतःला बंद करतो, गार झाला की पुन्हा सुरू होतो. मिचकावणं ते हे. आणि या जोडणीला एलईडीच्या वर तीनेक व्होल्ट हाताशी लागतात. 12 व्होल्टच्या बॅटरीवर तेवढे उरतच नाहीत, म्हणून इंजिन बंद केलं की दिवा मंद.

काउंटरवर हे का कळत नाही? तिथे नग काही सेकंदच चालतो, तेवढ्यात तापत नाही. आणि सगळ्यांचं लक्ष एलईडीतल्या करंटकडे असतं. खरा-खोटा फरक दिसतो तो बॅटरीकडून आत येणाऱ्या करंटमध्ये. आमचे तीन एलईडी मिळून 6.7 वॅट घेतात. बक साधारण 88 टक्के कार्यक्षम धरला तर आत 7.6 वॅट लागतात. म्हणजे 14 व्होल्टला साधारण 0.54 अँपिअर आणि 24 व्होल्टला 0.32. व्होल्टेज वाढवलं की आत येणारा करंट उतरलाच पाहिजे. खोट्या नगात 14 लाही 0.69 आणि 24 लाही 0.69 दिसतो, कारण जेवढा करंट एलईडीत जातो तेवढाच बॅटरीतून येतो. त्यामुळे मीटर सप्लायच्या वाटेत, 10 अँपिअरच्या सॉकेटला लावा आणि व्होल्टेज फिरवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुकानदाराचा पॉवर सप्लाय डिस्प्लेवाला असेल तर स्वतःच्या मीटरचीही गरज नाही, सप्लायवरचाच आकडा बघा.

मीटर नसेल तर मीडियम वेव्हचा जुना रेडिओ जवळ न्या. बक चालू असेल तर स्टेशनवर खरखर किंवा शीळ ऐकू येते, 317 च्या जोडणीवर रेडिओ शांत राहतो. चांगलं फिल्टर लावलेल्या बकचा आवाज कमी येऊ शकतो, म्हणून शेवटचा निकाल मीटरवरच लावा. पण गोदामात उभ्या उभ्या खोकी चाळायला ही युक्ती फार कामाची आहे.

हे घेऊन मी परत मुंबईला गेले. शेठ आधी म्हणाले, विकलेला माल परत होत नाही. मग म्हणाले, "तुम्ही 24 व्होल्ट लावलं असणार." लेबलवर 30 छापलंय ते दाखवल्यावर म्हणाले, लेबल मागून तसंच येतं. उकरलेला नग आणि नमुन्याचा उकरलेला नग शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मात्र ते बोलायचे थांबले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. खोक्यांमध्ये वरच्या थरात खरे बक होते, खाली 317 वाले. हे चुकून होत नाही. कॉइल आणि डायोड वाचवून नगामागे काही रुपये सुटतात, आणि तेवढ्यासाठी कोणाच्या तरी रात्रीच्या रस्त्यावरचा उजेड पणाला लावला जातो, याचा मला आजही संताप येतो.

बिल पक्कं, जीएसटीचं होतं, पण त्यावर फक्त 'एलईडी ड्रायव्हर' एवढंच होतं. आता मी 'बक, इनपुट 10–30 व्होल्ट, आउटपुट 700 मिली अँपिअर' असं बिलावर लिहून घेते आणि नमुन्याचा एक नग दोघांच्या सह्यांच्या पाकिटात बंद करून ठेवते. जो व्यापारी याला नाही म्हणतो, तिथे मी पुढे बोलत नाही.

धंद्यासाठी माल घेतला म्हणजे ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं मला पुष्कळांनी सांगितलं. ते अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या मालाला या बंदीतून सूट आहे. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर तिचा क्रमांक तक्रारीला जोडता येतो.

माझी तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगात दाखल आहे. सोबत बिल, लेबलचे फोटो, दोन्ही उकरलेले नग, आणि 14 ते 24 व्होल्टपर्यंत सप्लाय फिरवताना आत येणारा करंट जागचा हलत नाही हे दाखवणारा सलग व्हिडिओ दिला आहे. ट्रॅक्टरवाल्यांचे दिवे मी माझ्या खर्चाने बदलून दिले. त्यासाठीचे नवे ड्रायव्हर बंद डबीतले घेतलेच नाहीत. उघडी सर्किट बोर्डं आणली, एकेक तपासलं आणि रेझिन आम्ही इथेच ओतलं.