दोन खोक्यांतून उभी राहिलेली ब्रिटिश सीगल: इतवारीतील एका कारखान्याच्या कामाचे परीक्षण

होडीच्या मागे लावायची जुनी मोटर दुरुस्त करून देणारा कोणी नागपुरात भेटेल, ही अपेक्षा ठेवणेच मुळात धाडसाचे आहे. नव्या मोटरींचे विक्रेते जुन्या यंत्राकडे वळूनही पाहत नाहीत, आणि मुंबईकडे ती पाठवायची म्हटले तर वाहतुकीचा खर्च व मोडतोडीची धास्ती दोन्ही सोसावी लागतात. म्हणून इतवारीत लोहा ओळीच्या परिसरात असलेल्या एका लहान कारखान्याविषयी सविस्तर लिहीत आहे. या कारखान्याला पाटी नाही. फवारणीचे पंप, जुन्या स्कूटर आणि लेथवरची किरकोळ कामे यांवर तो चालतो, आणि आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे लावायची मोटर, हा त्याचा नेहमीचा विषय नाही, हे तेथील मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितले.

माझ्याकडे आलेली मोटर ब्रिटिश सीगल कंपनीची ‘फोर्टी प्लस’ आहे: एक सिलिंडर, दोन स्ट्रोक, 64 सीसी. तिला मोटर म्हणणेही त्या वेळी औदार्याचे होते, कारण कोणीतरी ती पूर्ण उघडून, खिळेमोळे एकत्र करून, दोन खोक्यांत भरून ठेवली होती. सीगलचा जन्म 1931 साली इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन येथे झाला आणि पुढे तिचे उत्पादन पूल या बंदराच्या गावी होत राहिले. ‘जगासाठी सर्वोत्तम आउटबोर्ड मोटर’ ही तिची जाहिरात अतिशयोक्त असली, तरी मोजके भाग, उघडे फ्लायव्हील (इंजिनाचे वरचे जड चाक) आणि दोरी गुंडाळून चालू करण्याची पद्धत यांमुळे ती हातगुणाच्या कारागिराला कळू शकते, ही गोष्ट खरी आहे. तिचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग, विलियर्स या इंग्लिश कंपनीचा आहे. विलियर्सची दोन-स्ट्रोक इंजिने एकेकाळी एनफील्डच्या गाड्यांवरही येत असत, आणि मिस्त्रींचा हात त्याच यंत्रांवर बसलेला असल्यामुळे मोटर अनोळखी असूनही तिची प्रज्वलनव्यवस्था त्यांना परकी वाटली नाही.

या कारखान्याची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी की येथे जोडणीला सुरुवात करण्याआधी मोजणी होते. मिस्त्रींनी खोक्यांतले सगळे भाग पत्र्याच्या परातीत मांडले, मी नेलेल्या सुट्या भागांच्या आकृतीशी एकेक ताडून पाहिला, आणि काय नाही, काय आहे पण निरुपयोगी आहे, अशा दोन याद्या करून मगच खर्चाचा अंदाज दिला. सिलिंडरची झीज त्यांनी बोअर गेजने, म्हणजे आतला व्यास मोजणाऱ्या मापाने, तीन उंचींवर तपासली. ती मर्यादेत निघाल्यामुळे पिस्टनच्या नव्या रिंगांवर काम भागले. सिलिंडर आतून कापून पुन्हा बोअर करण्याचा सल्ला देऊन मजुरी वाढवणे त्यांना सहज शक्य होते, पण त्यांनी ते केले नाही. रिंगा आणि गॅस्केट इंग्लंडातून मागवावी लागली, आणि त्यांवर जकात व टपालखर्च मिळून भागांच्या किमतीएवढीच भर पडली, हे इच्छुकांनी आधीच धरून चालावे.

खरी कसोटी क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बुशांची (तो ज्यांत फिरतो त्या नळ्यांची) होती. या जुन्या सीगलमध्ये क्रँकशाफ्टला रबरी ऑइल सील नसतात. ब्राँझचे लांब बुश आणि त्यांत टिकून राहणारा तेलाचा थर, एवढ्यावरच क्रँककेस, म्हणजे या शाफ्टभोवतीची पेटी, हवाबंद राहते. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते व तेथून दाबाने सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे बुश किंचित जरी सैल झाला तरी बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि कितीही दोरी ओढली तरी इंजिन दाद देत नाही. अशा वेळी अनेक मेकॅनिक कार्ब्युरेटरच्या मागे लागतात. येथे मात्र मिस्त्रींनी शाफ्टचे मोजमाप घेऊन फॉस्फर ब्राँझच्या सळईतून नवे बुश लेथवर काढले, ते दाबून बसवल्यावर आतून थोडे आक्रसतात हे धरून भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर पुन्हा फिरवला, आणि शाफ्ट तेल लावून हाताने फिरतो पण हलत नाही, अशा बेताला आणून थांबले. मी मध्येच रंगाविषयी विचारले, तेव्हा ‘भाऊ, रंगाचं नंतर बघू, आधी हे फिरू द्या’ असे म्हणून त्यांनी विषय संपवला. या एका कामासाठीच या कारखान्याची शिफारस करावीशी वाटते.

मॅग्नेटोचे काम तुलनेने सोपे निघाले. कॉइल शाबूत होती, कंडेन्सर मेलेला होता. मूळ नमुन्याचा कंडेन्सर शोधण्यात वेळ न घालवता त्यांनी स्कूटरचा, जवळपास तेवढ्याच क्षमतेचा कंडेन्सर लावला. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासून साफ केले आणि अंतर फिलर गेजने अर्धा मिलिमीटर ठेवले. या मोटरीला प्लगचे अंतरही तेवढेच लागते. टाकीच्या तळाशी असलेल्या तोटीतला बुचाचा तुकडा वाळून गळत होता, त्याजागी पेट्रोल सहन करणारी रबरी रिंग बसवली. मूळ वस्तू जपण्याचा आग्रह असणाऱ्यांना हे दोन बदल खटकतील. मला ते योग्य वाटतात, कारण दोन्ही पुन्हा काढता येण्याजोगे आहेत.

गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र आमचे एकमत होण्यास वेळ लागला. सीगलच्या पाण्यातल्या, नाव ढकलणाऱ्या पंख्याच्या शाफ्टलाही सील नाही. लांब बुश आणि 140 ग्रेडचे जाड तेल, एवढीच तिची पाण्याविरुद्धची तटबंदी आहे. वापरानंतर थोडे पाणी आत जाणार आणि तेल दुधाळ होणार, हे या रचनेत गृहीतच आहे, आणि उपाय म्हणजे तेल वेळोवेळी बदलणे. मिस्त्रींना ही ढिलाई सहन होईना. त्यांचा आग्रह गिअरबॉक्सच्या घराला खाच पाडून रबरी सील बसवण्याचा होता. कारागिराची ही अस्वस्थता समजण्यासारखी असली, तरी मूळ धातू कापणारा बदल परत फिरवता येत नाही, म्हणून मी तो स्पष्ट शब्दांत नाकारला, आणि त्यांनी तो नकार मानला. आपली मोटर देणाऱ्याने काय कापायचे नाही हे आरंभीच लिहून द्यावे.

तसे लिहून न दिलेल्या एका गोष्टीचा फटका बसलाच. पितळी टाकीवर मूळ निशाणीचा अर्धवट उरलेला छाप होता. टाकी पॉलिशवाल्याकडे गेली आणि छाप पूर्ण घासला जाऊन ती लग्नातल्या समईसारखी लखलखत परत आली. विचारल्याविना हे व्हायला नको होते. यंत्राच्या आत शतांश मिलिमीटरचा विचार करणारा हा कारखाना बाहेरच्या पृष्ठभागाला केवळ मळ समजतो, हा त्याचा ठळक दोष आहे. ज्यांना जुन्या वस्तूचे वय दिसत राहायला हवे आहे, त्यांनी टाकी, नळ्या आणि झाकणे घरीच ठेवून फक्त इंजिन व गिअरबॉक्स येथे द्यावेत.

चाचणी आधी पाण्याने भरलेल्या पिंपात झाली, कारण ही मोटर कोरडी चालवणे म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाला आणि सिलिंडरला दोघांनाही दुखावणे होय. जुन्या बुशांच्या या मॉडेलला दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागते. आजच्या डोळ्यांना हे प्रमाण अचाट वाटते आणि धूरही त्या मानाने निघतो, पण वर सांगितलेली क्रँककेसची हवाबंदी याच तेलावर उभी असल्यामुळे काटकसर करून चालत नाही. नंतर रामटेकजवळच्या खिंडसी जलाशयावर रीतसर परवानगी घेऊन ती एका लाकडी नावेला लावली. या मोटरीला क्लच नाही, म्हणजे इंजिन लागताच पंखा फिरतो आणि नाव निघते. दोरी ओढण्याआधी नाव मोकळ्या पाण्याकडे वळलेली असणे अत्यावश्यक आहे. वेग बेताचा, आवाज मोठा, आणि पाण्याचा प्रवाह अखंड. उथळ पाण्यात पंखा झाडाच्या बुंध्याला अडला, तेव्हा पंखा आणि शाफ्ट यांच्यामधल्या स्प्रिंगने धक्का सोसला व गिअरचे दात वाचले.

मजुरी चौदा हजारांच्या आसपास पडली, त्यात बुशांचे साहित्य धरलेले होते, बाहेरून मागवलेले भाग नाहीत. केवळ बुश आणि मॅग्नेटो यांच्या कामाकडे पाहिले तर ही रक्कम वाजवी आहे. छापील पावती मिळत नाही, वहीतल्या पानावर कामाची यादी मिळते, आणि ती यादी पावतीपेक्षा उपयोगी आहे, कारण तिच्यात घेतलेली मापेही लिहिलेली असतात. काम परत देताना मिस्त्रींनी पेट्रोलबद्दल बजावले तेही नोंदवण्यासारखे आहे: हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल शोषते आणि पाणी जास्त झाले की टाकीच्या तळाशी वेगळा थर करून बसते, शिवाय जुन्या रबरी नळ्या मऊ करते. म्हणून दिवसअखेर तोटी बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत मोटर पाण्यातच चालू ठेवावी आणि टाकीत मिश्रण शिल्लक ठेवू नये.

दिलेली मुदत पाळली जात नाही, हे मात्र मान्य करूनच जावे. पावसाळा लागला की कपाशीवरच्या फवारणीचे पंप दुरुस्तीसाठी गावोगावहून येऊ लागतात आणि शेतकऱ्याचे काम आधी, हा येथील अलिखित नियम आहे. तो मला मुळीच चुकीचा वाटत नाही. होडीची मोटर दिवाळीनंतर न्यावी, भागांची आकृती सोबत ठेवावी आणि इंग्लंडातून मागवायचे सामान आधी घरी येऊ द्यावे.