240 डॉलरचा स्कोप आणि नुसतीच फिरणारी रिंग

मिशिगनमध्ये 1 ऑक्टोबरला हरणांचा तिरंदाजीचा सीझन उघडतो आणि सप्टेंबर लागला की क्रॉसबोचे, म्हणजे घोडा ओढून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याचे, स्कोप (नेम धरायच्या दुर्बिणी) विकणारे कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवतात. 'एकदाच वापरलाय, खोक्यासकट, आजच न्या.' पुढचं तुम्हाला माहीतच आहे. निकामी निघालेल्या स्कोपवर माझे 240 डॉलर गेले. दुकानात तोच 380 ला आहे. गावी सांगायचीही सोय नाही. तिकडे भारतात 1972 च्या कायद्याने हरीण मारणंच गुन्हा, त्यामुळे 'बरी अद्दल घडली' एवढंच ऐकायला मिळणार.

कुठे कळायला हवं होतं, ते सांगतो. या स्कोपवर वेगाची रिंग असते, फूट प्रति सेकंदाचे आकडे असलेली. काचेतल्या आडव्या खुणा 20, 30, 40, 50 यार्डांच्या. खुणा आहेत तशाच राहतात, मागचं चित्र लहान-मोठं होतं, आणि त्यातून खुणांमधलं अंतर बाणाच्या घसरणीशी जुळतं. म्हणजे ही रिंग मुळात झूमचीच. 300 कडे नेली की चित्र लहान, 400 कडे मोठं. पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये मी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. समोरच्या पाटीवरचे भावाचे आकडे तसूभर वाढले नाहीत. दिसलं मला! पण अंधार पडत होता, त्याची गाडी चालू होती, आणि स्कोपमधला लाल-हिरवा दिवा लागला यावरच मी खूष. तोंडावर संशय घ्यायची लाज वाटते हो आपल्याला. तुम्ही घ्या.

घरी रीतसर बसवला. स्कोप धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, ठरावीक जोराने आवळणाऱ्या टॉर्क ड्रायव्हरने. दोर दोन्ही बाजूंनी सारखा ओढला, कारण तो जरा तिरका बसला तरी बाण डावी-उजवीकडे जातो आणि आपण उगाच स्कोपला शिव्या घालतो. आधी 10 यार्डांवर बाण कागदावर आणला, मग 20 वर वरच्या खुणेने तीन-तीन बाण. नेम सरकवायच्या खुंटीचा एक क्लिक म्हणजे कोनाचं पाव मिनिट (अंशाच्या साठाव्या भागाचा पाव); तो 20 यार्डांवर इंचाचा जेमतेम विसावा भाग सरकवतो, म्हणजे एका इंचाला साधारण 20 क्लिक. 20 दिले, बाण जागचा हलला नाही. आणखी 10 दिले, तीन इंच उडाला. परत फिरवले तर जुन्या जागी येईना. धनुष्याच्या धक्क्याने आतली नळीच सरकत होती. 50 यार्डांवर प्रत्येकी 16 डॉलरचे दोन बाण झुडपात गेले. वर दुकानात तपासणीचे 40. एकूण 312 डॉलर.

मी काही नवखा नाही. क्रॉसबोच्या खोक्यावर वेग 390 लिहिलेला असला तरी तो हलक्या बाणाचा, 425 ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप) वजनाच्या बाणाला 370 च्या आसपास मिळतात, हे मला ठाऊक आहे. रिंग खोक्यावरच्या आकड्यावर लावून थांबायचं नसतं. 20 पक्कं झालं की 50 वर मारा, बाण खाली लागला तर आकडा कमी करा. शेवटी शिकारीचं पातं लावून पुन्हा तपासा, सरावाच्या टोकाइतक्याच वजनाचं असलं तरी. हरणाची छाती म्हणजे आठ-दहा इंचांचं वर्तुळ. पाच-सहा इंच चुकलात तर बाण पोटात आणि जखमी जनावर रात्रभर फिरतं.

आता बँक. मी फोनवरून थेट पैसे पाठवले होते. 50 मिनिटं संगीत ऐकवून बाई म्हणाल्या, 'तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?' चोराने खात्यातून काढले असते तर भरपाई, चोराच्या हातात आपण दिले तर नाही! पोलिसांनी तक्रारीचा नंबर दिला आणि हा दिवाणी मामला म्हणाले. ज्या साइटवर जाहिरात होती तिने विक्रेत्याचं खातं बंद केलं आणि त्यासोबत आमचं सगळं बोलणंही गायब; आता पुरावा त्यांनाच हवाय. सरकारी फॉर्मवर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता सक्तीचा. पत्ता असता तर फॉर्म कशाला भरला असता? स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. क्रेडिट कार्डाने द्या, तिथे बिल पाठवल्यापासून 60 दिवसांत लेखी हरकत घेता येते. 'मित्राला पाठवा' असं बटण दाबायला सांगणाऱ्याला तिथूनच नमस्कार. आणि सिरीयल नंबर खरा आहे का ते कंपनीला फोन करून विचारा, पाच मिनिटांचं काम आहे. मी तो फोन केला, पण 240 गेल्यावर.

यंदा क्रॉसबोबरोबर आलेला साधा रेड डॉट (काचेत नुसता लाल ठिपका दाखवणारा) परत चढवलाय, 20 यार्डांवर नेम जुळवून. 30 वर कितीही मोठा नर उभा राहिला तरी घोडा ओढणार नाही.