हेड न उतरवता घेतलेले हेडचे पैसे

आमची ट्रॅक्स ही जीपसारखी गाडी कोल्हापूर–गगनबावडा मार्गावर वडापला, म्हणजे सीटवर प्रवासी घेऊन, धावते. माझा चुलतभाऊ ती चालवतो आणि दुरुस्तीचा हिशेब माझ्याकडे असतो. मर्सिडीजच्या परवान्यावर भारतात तयार झालेले ओएम 616 हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन तिच्यात आहे. गेल्या पावसाळ्यात ती सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली, पांढरा धूर सोडू लागली, आणि डिझेल फवारणाऱ्या चारपैकी तिसऱ्या नोझलच्या बुडाशी काजळी साचलेली दिसली, म्हणून आम्ही ती उद्यमनगर परिसरातील एका गॅरेजमध्ये नेली.

या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात नाही. ते आधी हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या जाड झाकणात, बसवलेल्या प्री-चेंबर नावाच्या छोट्या कप्प्यात पडते व तिथेच पेट घेते. नोझल आणि प्री-चेंबर यांच्यामध्ये मधोमध भोक असलेली, किंचित वाटीसारखी पातळ चकती असते. तिलाच हीट शिल्ड म्हणतात. ज्वलनाची धग नोझलच्या टोकाला लागू न देणे आणि वायू वर निसटू न देणे, ही तिची दोन कामे. नोझल आवळताना ती दबून बसते, त्यामुळे नोझल खोलला की नवी शिल्ड टाकावी लागते. वस्तू अगदी किरकोळ किमतीची आहे.

मिस्त्रींनी चारही नोझल खोलले, भोकात बॅटरीचा उजेड टाकून मला आत पाहायला सांगितले आणि म्हणाले, “साहेब, शिल्डा पार चिकटल्यात. हेड उतरल्याबिगर निघायच्या न्हाईत, अन् ओढून काढल्या तर प्री-चेंबर फुटंल.” मला आत काळ्या रंगाखेरीज काहीही दिसले नाही. मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. हेड उतरवण्याची मजुरी, हेडचे ग्राइंडिंग, नवे पॅकिंग, चार प्री-चेंबर आणि चार शिल्ड असे मिळून 18,600 रुपये झाले. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत हे मला ठाऊक होते, म्हणून ते मागितले. मिस्त्रींनी चार काळे प्री-चेंबर वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिले. त्यांच्या बैठकीच्या कडेवर तांबूस गंज चढलेला होता. कालपर्यंत इंजिनात घट्ट दाबून बसलेल्या भागाची बैठक अशी गंजत नाही, एवढा साधा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

तीन आठवड्यांत नोझलच्या बुडाशी फुसफुस ऐकू येऊ लागली. या वेळी भावाने कळे येथील एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी लावली आणि मी शेजारी उभा राहिलो. त्यांनी हवेने आधी भोवतालची घाण उडवली, 17 च्या पान्याने डिझेलचे पाइप सोडवले आणि 27 च्या खोल सॉकेटने नोझल सैल केले. शिल्डभोवती गंज सोडवणारे तेल सोडून आम्ही चहा घेतला. नंतर टोक वाकवलेला जुना स्क्रू ड्रायव्हर शिल्डच्या भोकात अडकवून त्यांनी ती कडेकडेने उचकटली, तेव्हा एकीला चिकटून दुसरी अशा दोन चकत्या वर आल्या. वरची अजून चकचकीत होती, खालची कोळशासारखी काळी, म्हणजे जुनी न काढताच तिच्यावर नवी ठेवलेली. तीन भोकांत हाच प्रकार निघाला. चौथ्यात एकच शिल्ड होती, तीही जुनीच, उलटी बसवलेली. ती हुकाला दाद देईना, तेव्हा तिच्या भोकात टॅप हे आटे पाडायचे हत्यार फिरवून आटे पाडले आणि टॅपसकट ती ओढून काढली. शेवटी डिझेल बंद ठेवून, भोकांवर फडके धरून त्यांनी स्टार्टर मारला, तेव्हा आत पडलेला कार्बन भसकन बाहेर आला. नव्या शिल्ड टाकून नोझल टॉर्क पान्याने, 70 ते 80 न्यूटन-मीटरच्या दरम्यान, आवळले.

मग त्यांनी मला हेडचे बोल्ट दाखवले. त्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांचे तेलकट किटण तसेच होते. हेड उतरवायचे तर कूलंट काढावे लागते, हेडवरचे टॅपेट कव्हर उघडून टायमिंग चेन सोडवावी लागते. आमच्या कव्हरचे पॅकिंग मात्र कडक होऊन जागच्या जागी चिकटलेले होते. आणि प्री-चेंबर खरोखरच बदलायचे असते, तरी हीटर प्लग काढून, वरची आट्यांची रिंग खास सॉकेटने सोडवून ते हेड जागेवर असतानाच पुलरने ओढता येतात. ज्या कारणासाठी मी होकार दिला होता, ते कारणच खोटे होते.

सातही चकत्या घेऊन मी उद्यमनगरला गेलो आणि त्या मिस्त्रींच्या टेबलावर मांडल्या. बिलात चार नव्या शिल्डचे पैसे होते, इंजिनात नव्या तीनच निघाल्या. “पोरानं बसवल्या असत्याल,” एवढेच ते म्हणाले. हेडबद्दल विचारताच गिऱ्हाईक आल्याचे सांगून उठले. माझ्याकडचे बिल म्हणजे गॅरेजचे नावही नसलेला कोरा कागद, आणि पैसे रोख दिलेले. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला कायद्याने 2 वर्षे मिळतात खरी, पण तिथे दाखवणार काय? तासभर बसून राहिल्यावर त्यांनी 3,000 रुपये परत दिले. उरलेले 15,600 अजून आलेले नाहीत.