पहिली मॉडेल कार: स्नॅप किट, तामिया की अमेरिकन व्ही-८?

मॉडेल गाडीचं पहिलं किट (प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून बनवायचं) घेताना बहुतेक जण डब्यावरचं चित्र आणि भागांची संख्या बघतात. भाग जास्त म्हणजे मॉडेल भारी, असा साधा हिशोब. रणगाड्याच्या बाबतीत तो थोडाफार चालतो, कारण रणगाड्यावर चिखल, धूळ आणि गंज चढवून जोडणीतले दोष झाकता येतात. शोरूममधून नुकत्याच निघालेल्या गाडीला ही सवलत नाही. तिचं बॉनेट चकाकलं पाहिजे, आणि चकाकणाऱ्या पृष्ठभागावर बोटाचा ठसा, धुळीचा कण, रंगाचा ओघळ, सगळं उघडं पडतं. गाडीचं मॉडेल म्हणजे सत्तर टक्के रंगकाम, असं माझं मत आहे. त्यामुळे कोणतं किट घ्यावं याचं उत्तर, आपल्याला रंगात कितपत उतरायचंय यावर ठरतं.

तुलनेसाठी तीन डबे घेऊ. आओशिमा या जपानी कंपनीच्या १/३२ (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाइतक्या) स्नॅप किट मालिकेतली सुझुकी जिम्नी. तामिया या दुसऱ्या जपानी कंपनीची १/२४ टोयोटा जीआर ८६. आणि १/२५ मधली १९५७ ची शेव्हरोले बेल एअर, जी एएमटी आणि रेव्हेल या दोन्ही मॉडेल कंपन्यांच्या यादीत आहे.

आधी आकार, कारण डब्यावरून तो कळत नाही. खरी जिम्नी (जपानमधली छोटी, तीन दारांची) ३.३९५ मीटर लांब, म्हणजे १/३२ मध्ये साधारण १०.६ सेंटीमीटर. जीआर ८६ ची लांबी ४.२६५ मीटर, १/२४ मध्ये १७.८ सेंटीमीटर. शेव्हरोले २०० इंच लांब, १/२५ ला भागूनही २० सेंटीमीटरच्या वर जाते. शेजारी शेजारी ठेवल्या तर जिम्नी शेव्हरोलेच्या निम्मी दिसते. १/२४ आणि १/२५ मधला फरक मात्र जेमतेम चार टक्क्यांचा आहे. एकाच कपाटात दोन्ही ठेवायला हरकत नाही, बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

स्नॅप किट

गोंद नको, रंग नको. बॉडी रंगीत, चकचकीत प्लॅस्टिकमध्येच येते, एकच गाडी तीन-चार रंगांत मिळते, काळे भाग काळ्या प्लॅस्टिकचे, दिव्यांच्या आणि काचेच्या कडांसाठी स्टिकर. भाग निप्परने (छोट्या कटरने) फ्रेममधून कापायचे, खटकन बसवायचे. एका दुपारचं काम.

दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत बसायचं असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. जिम्नीची निवड आपल्याकडच्या लोकांसाठी खास: मारुतीची जिम्नी रस्त्यावर दिसते, फक्त आपली पाच दारांची आणि लांब. पोराला हा फरक स्वतःहून सापडला की त्याला गाडी खऱ्या अर्थाने बघता यायला लागली असं समजा.

उणी बाजू एवढीच की यात शिकण्यासारखं फार नाही. निप्पर कुठे लावायचा, कापल्यावर उरलेली खूण कशी घासायची, स्टिकर चिमट्याने सरळ कसा बसवायचा, इतपत हात बसतो. चार स्नॅप किट करून पाचव्या वेळी तामिया उघडली, तर रंगाच्या बाबतीत तुम्ही होतात तिथेच असता. म्हणून मोठ्या माणसाने एखादं करावं आणि पुढे जावं.

तामिया

जपानमधलं शिझुओका हे या छंदाचं गाव. तामियाची सुरुवात तिथेच १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीतून झाली आणि पहिलं प्लॅस्टिक मॉडेल आलं १९६० मध्ये, यामातो युद्धनौकेचं. आओशिमा आणि फुजिमी त्याच शहरातल्या, हासेगावा जवळच्या याइझूची. एवढे प्रतिस्पर्धी हाकेच्या अंतरावर असल्याचा फायदा साच्यांच्या दर्जात दिसतो.

तामियाचं वैशिष्ट्य म्हणजे भाग जिथे बसायचा तिथेच बसतो, आणि चुकीच्या बाजूने सहसा बसतच नाही. सूचनापत्रात प्रत्येक छोट्या भागाच्या शेजारी रंगाचा क्रमांक असतो. बऱ्याच नव्या किटमध्ये काचांच्या काळ्या कडा रंगवण्यासाठी मास्किंगचा (रंग नको तिथे झाकायचा) कागद मिळतो, आणि लोगो व आरशांसाठी धातूचे पातळ, चिकटवायचे ट्रान्सफर. लोगो ब्रशने रंगवण्याचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना या शेवटच्या गोष्टीची किंमत कळेल.

पण बॉनेट उघडत नाही. जीआर ८६ सारख्या किटमध्ये इंजिन नसतंच. गाडी उलटी केली की इंजिनचा तळ, गिअरबॉक्स आणि एक्झॉस्ट तेवढे दिसतात. अशा किटला मॉडेलवाले कर्बसाइड म्हणतात. तामियाकडे इंजिनवालीही किटं आहेत, फेरारी एफ४० हे त्यातलं गाजलेलं नाव, पण तिच्यापासून सुरुवात करू नका.

इंजिन नाही म्हणून नाक मुरडणारे खूप भेटतात. मला तो नवशिक्यासाठी फायदाच वाटतो. इंजिन वगळलं की केबिन, चाकं, तळ आणि बॉडी एवढंच उरतं, आणि वेळ बॉडीवर घालता येतो. कपाटात ठेवल्यावर बॉनेट कोण उघडतंय?

अमेरिकन १/२५

एएमटी ही मिशिगनची कंपनी सुरुवातीला गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी प्रचाराची मॉडेलं बनवायची. १९५८ पासून तिने 'थ्री इन वन' किट आणली: एकाच डब्यातून कारखान्यातली मूळ गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, हवी ती बनवा. ही मोकळीक अमेरिकन किटमध्ये आजही टिकून आहे. जपानी किट सांगतं, ही गाडी अशी आहे. अमेरिकन किट विचारतं, तुला कशी हवी?

इथे इंजिन, बहुधा व्ही-८ (दोन ओळींत आठ सिलिंडरचं), पूर्ण असतं. ब्लॉकचे दोन अर्धे भाग, त्यावर हेड, व्हॉल्व्ह कव्हर, इनटेक, कार्ब्युरेटर, एअर क्लीनर, पुढे पंखा आणि पुली. ज्याला खरंच गॅरेजची आवड आहे, डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत बारीक तारा ओढायची हौस आहे, त्याने माझं ऐकून तामिया घेऊ नये. तो कर्बसाइड गाडीला कंटाळेल.

बाकीच्यांनी काय काय करावं लागतं ते आधी ऐकावं. जुने साचे पुन्हा पुन्हा वापरात येतात, त्यामुळे काही किटमध्ये भागांच्या कडेला पातळ पापुद्रे सुटलेले असतात आणि बॉडीवर साच्याच्या जोडाची रेघ ठळक असते. दोन्ही घासून काढावी लागतात. क्रोमचे भाग भरपूर, आणि क्रोमवर प्लॅस्टिकचा गोंद पकडत नाही; जिथे चिकटवायचं तिथला क्रोम खरवडून काढायचा. बॉडी, चेसिस आणि केबिन एकत्र बसतात का, हे रंगाआधी कोरडं, म्हणजे गोंदाशिवाय, जोडून तपासायचं, नाहीतर रंगवलेली बॉडी शेवटच्या दिवशी ताणून बसवायची वेळ येते. सूचनापत्रात भाग दाखवलेला असतो, नेमका कुठे टेकतो ते पुष्कळदा आपणच शोधायचं.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी गणित थोडं बदलतं. तिथे हॉबी लॉबीसारख्या दुकानात एएमटी आणि रेव्हेलचे डबे सहज मिळतात आणि तामियापेक्षा बहुधा स्वस्त पडतात. एखादं बिघडलं तरी फारसं वाईट वाटत नाही, आणि शिकताना ही मोठीच सोय आहे.

आता रंग

ब्रशने आतला भाग, इंजिन, सीट, डॅशबोर्ड उत्तम रंगवता येतात. बॉडी ब्रशने रंगवायला जाऊ नका. होत नाही असं नाही, पण घासून-पॉलिश करून ब्रशच्या रेघा घालवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसरी गाडी होईल. म्हणजे बॉडीसाठी पर्याय दोन: स्प्रे कॅन किंवा एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार).

पहिल्या गाडीसाठी मी कॅनच्या बाजूचा आहे. तामियाचे टीएस मालिकेचे १०० मिलीचे कॅन याच प्लॅस्टिकसाठी बनवलेत आणि एका बॉडीला एक कॅन पुरून उरतो. बॉडी भांडी घासायच्या साबणाने धुवायची, वाळवायची, प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) पातळ थर द्यायचा. मग वीसेक सेंटीमीटरवरून रंगाचे दोन हलके, जवळजवळ विरळ फवारे. मधे पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. शेवटी एक ओला, भरलेला हात. घाईत पहिलाच हात भरून मारला की ओघळ येतो. फार लांबून मारला की रंग हवेतच अर्धवट सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. साल आली तर घाबरू नका: रंग आठवडाभर वाळू द्या, नाकाजवळ नेऊन वास येत नाही याची खात्री करा, मग २००० च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा आणि तामियाचं पॉलिशिंग कंपाउंड क्रमाने लावा, लाल टोपणाचं जाड, निळ्याचं बारीक, पांढऱ्याचं शेवटचं. कडांवर आणि दारांच्या रेषांवर हात हलका, तिथेच रंग आधी उडतो. खिडकी उघडी आणि तोंडावर रसायनांच्या वाफांसाठीचा मास्क, हे दोन्ही हवंच. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही.

एअरब्रशमध्ये थर अधिक पातळ येतो, रंग मिसळून हवी ती छटा बनवता येते, आणि दारांच्या रेषा रंगाने बुजत नाहीत. पण ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश आणि टाकीवाला कॉम्प्रेसर यांचा खर्च एका किटच्या कितीतरी पट होतो, आणि दर वेळी सुई काढून साफ करण्याचं काम रंगवण्याइतकंच लांबतं. वर्षाला दोन गाड्या करणाऱ्याला ते परवडत नाही, पैशाने आणि उत्साहानेही.

भारतात एक अडचण या हिशोबात शिरते. स्प्रे कॅन दाबाखालचे आणि ज्वलनशील असल्यामुळे साध्या हवाई पार्सलने येत नाहीत. दुकानात मिळाले तर मिळाले, हवा तो रंग असेलच असं नाही. पाण्याच्या ॲक्रिलिक बाटल्या त्यामानाने सहज मिळतात, आणि त्या नीट वापरायला एअरब्रश लागतो. म्हणून किट मागवण्याआधी रंग कुठून मिळणार ते बघा. गाड्यांच्या टच-अपसाठी मिळणारे देशी कॅन वापरायचे असतील, तर आधी भाग कापल्यावर उरलेल्या फ्रेमवर प्रायमर देऊन मारून पाहा; काहींमधला द्रावक इतका जहाल असतो की प्लॅस्टिकला बारीक भेगा पडतात. आणि तामियाचाच कॅन असला तरी पीएस लिहिलेला घेऊ नका. तो रिमोट गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीचा, या प्लॅस्टिकसाठी नव्हे.

रंगाची निवडही दुकानातच करा. लाल किंवा पिवळ्या प्लॅस्टिकवर पांढरा मारायचा असेल तर खालचा रंग वर झिरपतो, प्रायमर टाळता येत नाही. मेटॅलिक रंग घासता येत नाहीत, त्यावर क्लिअर (पारदर्शक चकचकीत थर) द्यावाच लागतो. काळ्यावर धुळीचा कणही दिसतो. पहिल्या गाडीला साधा, मेटॅलिक नसलेला लाल किंवा निळा घ्यावा, प्लॅस्टिकच्याच रंगाशी जुळणारा असला तर अधिक बरं.

मुंबई-कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात लॅकर (टीएस कॅनमधला असतो तसा द्रावकाचा रंग) मारला की द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकाकीच्या जागी पांढरट धुकं येतं. उघडीप असेल तेव्हाच बॉडीला हात लावा. उलट जून ते सप्टेंबरचे महिने अमेरिकन किटला छान जुळतात: इंजिन जोडा, सीट रंगवा, क्रोम खरवडा, हे सगळं ब्रशचं आणि घरातलं काम. बॉडी दसऱ्यानंतर काढा.

तर घ्यायचं काय?

एकट्याने, मोठ्या वयात, एकच डबा घ्यायचा तर तामियाची बंद छताची, बिनइंजिनाची कोणतीही गाडी. मुलासोबत बसायचं तर स्नॅप किट. इंजिनाचंच वेड असेल तर शेव्हरोले, पण सोबत दुप्पट सवड ठेवा. मारुतीच्या जिप्सीत फिरलेल्या मंडळींसाठी हासेगावाची १/२४ जिम्नी जेए११ आहे. जिप्सीच्याच कुळातली गाडी, पण तीही बिनइंजिनाचीच.

किटच्या डब्यात हत्यारं नसतात. निप्पर, धारदार चाकू, चिमटा, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, पातळ गोंद, प्रायमर आणि एक रंग एवढं पहिल्या खेपेला घ्यावंच लागतं, आणि ते सगळं मिळून किटच्या किमतीच्या आसपास सहज जातं. रेव्हेलच्या 'मॉडेल सेट' डब्यात गोंद, ब्रश आणि काही रंग सोबत येतात. सुरुवातीला सोयीचं, फक्त त्या रंगांत बॉडी चकाकेल अशी अपेक्षा नको. काचा बसवायला मात्र काही मागवायची गरज नाही, घरचं पांढरं फेव्हिकॉल पुरतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. फेव्हिक्विक लांब ठेवा. त्याच्या वाफेने काच कायमची धुरकट होते.

जुना, कुणाकडून तरी आलेला डबा मिळत असेल तर पैसे देण्याआधी उघडून बघा. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) पिवळे पडलेत का, काच पिशवीत वेगळी आहे का, आणि टायर प्लॅस्टिकच्या भागांना टेकून पडलेत का. वर्षानुवर्षं टेकून राहिलेला मऊ टायर त्या जागचं प्लॅस्टिक वितळवतो. तो खड्डा बॉडीवर पडला असेल तर डबा परत द्या. चेसिसवर असेल तर किंमत कमी करून घ्या, तिथला कुणाला दिसत नाही.