फियाट लिनिया टी-जेट: वायरिंग, पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर बदलल्यानंतरचे आठ महिने, ९,४०० किमी

गाडी २०१३ची, रांजणगावच्या कारखान्यात बनलेली. १,३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, मूळ ताकद ११४ पीएस, टॉर्क २०७ न्यूटन-मीटर. याच इंजिनाची अबार्थ पुंटोतली आवृत्ती १४५ पीएस देते, त्यामुळे रीमॅप करून (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून) दीडशेच्या पुढे जायचा मोह टी-जेटवाल्या प्रत्येकाला होतो. इंजिन तेवढं सोसतं. आधी दम लागतो तो पेट्रोलच्या पुरवठ्याला, आणि तो लागल्याचं ड्रायव्हरला कळतही नाही. गाडी जोरात पळत असते, हवा-पेट्रोलचं मिश्रण मात्र वरच्या आरपीएमला पेट्रोल कमी पडून हळूच पातळ होत जातं आणि पिस्टन तापत राहतो.

या गाडीत पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी नाही. रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या असेंब्लीत बसवलेला आहे. तो रेलमध्ये, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना पुरवठा करणाऱ्या नळीत, ३.५ बार प्रेशर राखतो, पण बाहेरच्या हवेच्या दाबाच्या हिशोबाने. मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) १ बार बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, आला की इंजेक्टरच्या तोंडाशी समोरून तेवढाच दाब येतो आणि ढकलायला उरतात २.५ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी इंजेक्टर सुमारे १५ टक्के कमी पेट्रोल सोडतो. त्यात आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त पेट्रोल लागतं. जुन्या रीमॅपमध्ये काठावर बसलेला हिशोब इथे मोडतो.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी रेलवर ०-१० बारचा प्रेशर सेन्सर आणि एक्झॉस्टमध्ये एलएसयू ४.९ वाइडबँड (मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) बसवून लॉग घ्यावा. हे दोन आकडे हातात नसतील तर पुढचा खर्च अंदाजपंचे. रीमॅपनंतर, मूळ पंपावर आणि मूळ वायरिंगवर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावर ५,५०० आरपीएमला रेल प्रेशर ३.०५ बारवर यायचं, लॅम्डा (मिश्रणाचा आकडा, वाढला की मिश्रण पातळ) ०.८३ वरून ०.९० कडे सरकायचा आणि इंजेक्टरची ड्यूटी, म्हणजे तो उघडा राहण्याचा वेळ, ९३ टक्के. ८५च्या वर इंजेक्टर नीट मिटतच नाही, त्यामुळे त्यापुढे ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) हिशोबाला अर्थ राहत नाही.

पहिलं काम वायरिंगचं केलं आणि सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक तिथेच दिसला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना पंपाच्या कनेक्टरवर १२.४ मिळत होते. दर व्होल्टमागे पंपाचा प्रवाह साधारण दहा टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून २० अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, ४० अँपिअरचा रिले, मागे बॉडीला वेगळी अर्थिंग, आणि रिलेला सिग्नल मूळ पंपाच्या वायरचाच. हे शेवटचं टाळून स्वतंत्र स्विच लावू नये. अपघातात पेट्रोल तोडणारी मूळ व्यवस्था त्या वायरवर चालते. एवढ्यावर पंपाला १३.६ व्होल्ट मिळाले आणि पूर्ण थ्रॉटलच्या त्याच चाचणीत प्रेशर ३.३ बारवर टिकलं.

पंप निवडताना ताशी २५५ लिटरचा घ्या असं सगळे सांगतात. हिशोब करून पाहा. १६० अश्वशक्तीला टर्बो इंजिन तासाला अंदाजे ९६ पाउंड, म्हणजे साठेक लिटर पेट्रोल पितं. ई२० धरून ६५. २५५चा पंप लावला आणि टाकीतल्या छोट्या रेग्युलेटरला उरलेलं पेट्रोल सोडता आलं नाही तर आयडलला प्रेशर चार बारच्या जवळ चढतं, आणि तेच पेट्रोल गरगर फिरून तापतं. इथे ताशी १९० लिटरचा, ३९ मिमी व्यासाचा पंप बसवला आहे. आयडलला ३.६, पूर्ण लोडला ३.५. याहून जास्त काही नको.

बसवताना टाकी पावपेक्षा कमी भरलेली असावी. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची. मागच्या सीटखालच्या झाकणातून असेंब्ली बाहेर येते. दारं उघडी, जवळ पावडरचा अग्निशामक, आणि हॅलोजन दिवा अजिबात नको. टाकीच्या तोंडाचा रबरी सील पेट्रोलने फुगतो आणि परत बसत नाही, म्हणून नवा आधी आणून ठेवावा. पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटची दांडी वाकली की डॅशबोर्डवरचा काटा कायम खोटं सांगतो.

टाकीतल्या नळीबद्दल गांभीर्याने. बाजारात मिळणारी साधी इंजेक्शन होज आतून पेट्रोल झेलते, बाहेरून पेट्रोलमध्ये बुडून राहायला ती बनलेलीच नसते. काही आठवड्यांत बाहेरचा थर मऊ पडतो, क्लिपखाली चीर जाते आणि पंप ठणठणीत असूनही प्रेशर पडतं. जे३०आर१० (पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या नळीचं मानक) असं छापलेलीच घ्यावी, आणि तिला पेचाची पट्टीवाली क्लिप लावू नये, गोल कडांची इंजेक्शन क्लिप लावावी. झाकणातून जाणाऱ्या पिनाही तपासाव्यात. जास्त करंटने त्या तापून प्लास्टिक वितळवतात.

इंजेक्टर ३ बारला मिनिटाला ३८० सीसीचे, एकाच बेंचवर तपासून दोन टक्क्यांत जुळवलेले. ओ-रिंग व्हिटॉनच्या, बसवताना इंजिन ऑइलचा थेंब लावून. कोरड्या ढकलल्या तर कड कापली जाते आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं. बसवल्यावर इंजिन चालू न करता इग्निशन तीन-चारदा ऑन करून प्रेशर भरावं आणि टॉर्चने प्रत्येक सांधा बघावा.

ट्यूनिंगमध्ये बहुतेक जण फक्त प्रवाहाचा आकडा बदलतात आणि डेड टाइम तसाच ठेवतात. डेड टाइम म्हणजे इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ; तो व्होल्टेजप्रमाणे बदलतो, त्याचा तक्ता इंजेक्टरसोबत मागून घ्यावा. चूक कुठे आहे ते फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतःहून करतो ती पेट्रोलची टक्केवारीतली दुरुस्ती) सांगतात. आयडलला +१२ आणि हायवेला शून्याजवळ, तर डेड टाइम चुकला. दोन्हीकडे सारखाच फरक, तर प्रवाहाचा आकडा चुकला. आता ट्रिम ±३ च्या आत आहेत, पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८२-०.८३ आणि ६,००० आरपीएमला ड्यूटी ७२ टक्के.

चालवताना तळाच्या पिकअपमध्ये काहीच बदल नाही, तो टर्बोचा विषय. ४,५०० च्या पुढे मात्र आधी ओढ मंदावायची, आता ती आरपीएमच्या लिमिटरपर्यंत टिकते. मायलेज बदललेलं नाही.

तक्रारी दोन. मागच्या सीटवर पंपाची बारीक शीळ ऐकू येते. आणि ४,००० किमीला लोडखाली प्रेशर ३.२ वर आलं, तेव्हा पंपाची जाळी तपकिरी गाळाने भरलेली निघाली. इथेनॉल जुन्या टाकीतला साठलेला गाळ सोडवतं, तो इथे येऊन अडकतो. जाळी बदलली, प्रेशर परत ३.५. टाकी पावाच्या खाली असताना ताम्हिणीच्या लांब वळणांवर लॉगमध्ये क्षणभर प्रेशर तुटलेलं दिसतं. इतकं कमी पेट्रोल असताना बूस्टवर जाऊ नये.

पीयूसीत अडचण आली नाही, कारण आयडलला मिश्रण मूळ गाडीसारखंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांबद्दलचं) आणि विम्याच्या अटी मात्र काम सुरू करण्याआधी वाचाव्यात. दर दोन महिन्यांनी एक तपासणी चालू आहे: गाडी बंद करून वीस मिनिटांनी रेल प्रेशर पाहणं. ते २ बारच्या वर असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलट वाहू न देणारी झडप) आणि इंजेक्टर दोन्ही धड आहेत. शेवटचं मोजमाप २.६ बार.