शिलाई शिकायचीय? मग पहिली मशीन साधी काळी पायमशीनच घ्या (सोलापुरातून रिव्ह्यू)

नवीन शिकणारीने पहिली मशीन कुठली घ्यावी यावर माझं मत आता एकदम पक्कं झालंय. ती काळी, लोखंडी, सरळ टाक्याची, पायाने चालवायची मशीन, स्टँड आणि लाकडी टेबलासकट. मोटरवाली पांढरी झिगझॅग (नागमोडी टाके पण घालणारी मशीन) दिसायला भारी असते हे मान्य, बॉक्सवर फुलापानांचे टाके छापलेले असतात, ऑनलाईन ऑफरमध्ये पण तीच पुढे येते, आणि माझ्या बहिणीकडे ती आहे त्यामुळे मी दोन्हीवर शिवलंय. तरी सांगते, शिकायला काळीच.

पहिलं कारण स्पीड. मोटरच्या मशीनला पायडल जरा जास्त दाबलं गेलं की कापड सुर्रकन पुढे जातं आणि नवीन माणूस घाबरून कापड ओढतो, मग सुई वाकते. पायमशीनवर पाय थांबला की सुई थांबते, एक एक टाका घ्यायचा तर हाताने मशीनचं उजवीकडचं चाक फिरवून घेता येतो. पण पायाची लय बसायला वेळ लागतो हं, ते कुणी सांगत नाही. चाक आपल्या बाजूला फिरलं पाहिजे, पाय उलटा पडला की चाक पलीकडे फिरतं आणि दोरा तुटतो किंवा खाली गुंततो. यावर उपाय सोपा आहे. चाकाच्या मधोमध जो गोल स्क्रू असतो तो सैल करायचा, मग चाक फिरतं पण सुई हलत नाही, आणि मग निवांत टाच-चवडा टाच-चवडा करत बसायचं, चाक सुरू करताना उजव्या हाताने आपल्याकडे एक ढकला द्यायचा. पाय बसले की स्क्रू घट्ट करून, सुईत दोरा न घालता, मुलांच्या जुन्या दुरेघी वहीच्या कागदावर रेघेवरून शिवायचं. आधी सरळ, मग चौकोन, मग गोल. चौकोनाच्या कोपऱ्यावर सुई कागदात ठेवूनच फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय) उचलायचं आणि कागद वळवायचा. ही सवय पुढे गळ्याला, खिशाला सगळीकडे कामाला येते. कागदावर चालवलेली सुई मात्र नंतर कापडाला वापरायची नाही, ती बोथट होते.

मशीन मी शहरातल्या एका जुन्या दुकानातून घेतली, ऑनलाईन नाही, आणि हा निर्णय मला फार बरोबर वाटतो. स्टँड-टेबल धरून सहा ते नऊ हजारांत चांगली मशीन येते, मोटरवाली झिगझॅग दहा-बाराच्या पुढे सुरू होते. दुकानातल्या मामांनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "ताई, पैसे नंतर द्या, आधी दोरा ओवून दाखवा की मला." मग त्यांनी स्वतः ओवून दाखवला, सगळा काढला, आणि परत माझ्याकडून ओवून घेतला. ऑनलाईनवाला हे करणार नाही ना. तक्रार एकच, घरी मशीन जोडायला जो मुलगा आला त्याने खालचं आणि वरचं चाक जोडणारा चामडी पट्टा सैलच ठेवला होता, चाक घसरायचं. फोन केल्यावर दुसऱ्या माणसाने येऊन पट्टा थोडा कापून क्लिप परत मारून दिली. हा पट्टा वापरून वापरून सैल होतोच, तेव्हा जोडतानाच बघून शिकून घ्या.

आता दोऱ्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण नवीन बायका मशीन सोडून देतात त्या इथेच. शिवायला घेतलं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंताच गुंता होतो, आणि सगळ्यांना वाटतं खालच्या बॉबिनचा (खालचा दोरा गुंडाळलेल्या छोट्या रिळाचा) प्रॉब्लेम आहे, मग बॉबिनच्या डबीचा स्क्रू पिळत बसतात. बहुतेक वेळा चूक वर असते. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांच्या मधे नीट बसलेला नसतो नाहीतर वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून गेलेला नसतो. ओवताना फूट वर उचललेलं पाहिजे, तेव्हाच त्या चकत्या सैल होतात आणि दोरा आत जातो. फूट खाली असताना ओवलं तर दोरा चकत्यांच्या वरवरच राहतो, ताण येत नाही, आणि सगळा ढिला दोरा खाली जमा होतो. म्हणून गुंता झाला की डबीच्या स्क्रूला हात लावायचा नाही, वरचा दोरा पूर्ण काढून परत ओवायचा. शिवण सुरू करताना दांडी सगळ्यात वर हवी आणि दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे बोटात धरून ठेवायची, पहिले दोनतीन टाके होईपर्यंत.

हे मला नीट समजलं ते आमच्या शेजारच्या अक्कांमुळे. त्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवतात, सोलापूर शाळेच्या युनिफॉर्मसाठी किती प्रसिद्ध आहे ते सांगायला नको, आणि आमच्या पूर्व भागात घरटी कुणीतरी मशीनवर नाहीतर मागावर असतंच. अक्कांनी सुईखालची सरकती पट्टी बाजूला केली, म्हणाल्या, "हळू चाक फिरव आणि आत बघ." हातसुईचं नेढं (दोरा ओवायचं भोक) मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाजवळ. ती सुई दोरा घेऊन खाली जाते, वर यायला लागली की दोऱ्याचा छोटा फास सुटतो, आणि शटलचं (बॉबिनभोवती हलणाऱ्या खालच्या भागाचं) टोक बरोबर तो फास पकडून बॉबिनच्या भोवती फिरवून आणतं, मग वरची दांडी दोरा ओढून घेते आणि टाका बसतो. "आमच्या घरी मागावर आडवा दोरा घेऊन धोटा जायचा तसंच हे बघ, फक्त हे अर्धं फिरतं आणि परत येतं," अक्का म्हणाल्या. मी कितीतरी वेळ नुसतं चाक फिरवून तेच बघत बसले होते. टोकाजवळ नेढं असलेल्या सुईच्या आणि दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं अमेरिकन पेटंट एलियास होवने १८४६ साली घेतलं, आणि आज माझ्या घरातली मशीन पण त्याच तत्त्वावर चालते, मला हे फार ग्रेट वाटतं. एकदा हे डोळ्याने बघितलं की मशीन बिघडली म्हणून घाबरायला होत नाही, कुठे अडलंय ते आपण शोधतो.

ताकदीचं सांगायचं तर मी जुन्या सोलापुरी चादरीची बाजारची पिशवी शिवलीय यावर. बंदाच्या जागी चादर दुमडून जाड थर होतात, तिथे १८ नंबरची सुई लावली आणि चाक हाताने फिरवत गेले, मशीन कुरकुरली नाही. साध्या सुती कापडाला १४, जाड युनिफॉर्मच्या कापडाला १६, पातळ जॉर्जेटला ११ नंबर. सुई बदलताना लक्षात ठेवा, सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने आत घालायचा, चपटी बाजू त्याच्या उलट. आणि लाईट गेली तरी काम चालू राहतं, मे महिन्यात आपल्याकडे ज्याची किंमत कळते (पंखा बंद असतो ते वेगळं).

कमी काय आहे ते पण सांगते. झिगझॅग नाही, त्यामुळे साडीला पिको (कडेची बारीक शिलाई) होत नाही, काज (बटणाचं भोक) होत नाही, आतल्या कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक बाहेरून करून आणावं लागतं नाहीतर कड दुमडून शिवावी लागते. टी-शर्टसारखं ताणणारं कापड यावर नको, सरळ टाका तिथे तुटतो. मशीन जड आहे, जागा अडवते, वन बीएचकेमध्ये राहणाऱ्यांनी आधी टेप घेऊन जागा मोजा. आवाज आहे. लहान मुलं घरात असतील तर काम झाल्यावर पट्टा चाकावरून काढून ठेवायचाच, मुलांची बोटं चाकात जातात.

तेलाबद्दल, घरातलं खोबरेल अजिबात घालू नका, ते थंडीत गोठतं आणि आत चिकट राप बसतो. मशीनचं पातळ तेल स्वस्त मिळतं, रोज शिवत असाल तर भोकांमध्ये थेंब थेंब टाकायचं, थोडा वेळ चिंधीवर चालवायची म्हणजे जादा तेल निघून जातं. शटलमध्ये साचलेला कापडाचा भुसा ब्रशने काढायचा, टॉवेल-चादर शिवल्यावर तर लगेच. एवढंच मेंटेनन्स.

सरावाला नवीन कापड आणायची गरज नाही, सोलापुरात चाटी गल्लीत कटपीस बघा, नाहीतर घरातली जुनी कॉटनची साडी. उशीचा अभ्रा, मग पिशवी, मग परकर, मग अस्तर नसलेला साधा ब्लाउज, या क्रमाने जा, कटोरी ब्लाउजच्या मागे लगेच लागू नका. नीट सर्टिफिकेट हवं असेल तर आयटीआयमध्ये सुइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो. आणि फुकट मशीन मिळते म्हणून जे मेसेज फिरतात त्यांच्यावर जाऊ नका. पीएम विश्वकर्मा योजना २०२३ साली सुरू झाली, त्यात शिंपीकाम आहे, ट्रेनिंग आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर आहे, पण ती आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी आहे, घरी हौस म्हणून शिकणाऱ्यांसाठी नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क काज होत नाही म्हणून कापला. पुढे काम वाढलं तर याच मशीनला बाजूला छोटी मोटर बसवता येते, पण आधी पाय बसू द्या. दुकानात गेलात की घरून दोन रंगांचे दोरे आणि कापडाचा तुकडा घेऊन जा, वर एक रंग, बॉबिनला दुसरा, आणि तिथेच शिवून बघा. वरच्या बाजूला खालचा रंग ठिपक्यासारखा दिसला तर वरचं टेन्शन जास्त आहे, खालच्या बाजूला वरचा रंग दिसला तर कमी आहे, ते तिथेच सेट करून मागा आणि मगच पैसे द्या.