वेस्टर्न माउंटेनियरिंग ‘अल्ट्रालाइट’: थंडी लवकर वाजणाऱ्या बाईने बर्फावर वापरलेली डाउनची स्लीपिंग बॅग

मला थंडी फार लवकर वाजते. घरात बाकीचे सगळे अर्ध्या चड्डीत वावरत असतात तेव्हा माझ्या पायात मोजे असतात. त्यामुळे स्लीपिंग बॅग शोधताना सहा फुटी, दणकट माणसांनी लिहिलेली परीक्षणं माझ्या काही कामाची नव्हती. त्यांना ज्या बॅगेत घाम फुटतो, तिच्यात मी पहाटे तीनला गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असते. म्हणून हे लिहिते आहे, आणि पाच फूट तीन इंचाच्या, रात्री आधी पावलं गार पडणाऱ्या माणसाच्या बाजूनेच लिहिते आहे.

बॅग आहे वेस्टर्न माउंटेनियरिंग कंपनीची ‘अल्ट्रालाइट’, डाउनने म्हणजे पक्ष्यांच्या अंगावरच्या मऊ, बारीक पिसांनी भरलेली. ही कंपनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची, म्हणजे आमच्या सनीवेलच्या अगदी शेजारची, आणि बॅगा तिथेच शिवते. या बॅगेवर कंपनीने दिलेला आकडा आहे २० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ७ सेल्सियस. हिवाळ्यात आम्ही सिएरा नेवाडात जातो. कधी योसेमिटीत बॅजर पासहून ड्यूई पॉइंटकडे जाणाऱ्या वाटेवर, स्नोशूज (बर्फात पाय रुतू न देणारे रुंद तळ) घालून, भरपूर बर्फात. कधी पर्वताच्या पूर्वेला लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये, जिथे बर्फ नसतो पण जानेवारीतली कोरडी थंडी हाडात शिरते आणि सकाळी समोर माउंट व्हिटनी उभा असतो. दोन्हीकडे रात्री पारा शून्याच्या खाली जातो. उणे पाच ही आमच्यासाठी नेहमीची रात्र, उणे दहा म्हणजे कडक.

आधी आकड्यांचं बोलते, कारण दुकानात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. युरोपात २००२ साली स्लीपिंग बॅगा मोजायची एक पद्धत ठरली, ईएन १३५३७. आता तिच्या जागी आयएसओ २३५३७ आहे. थंड खोलीत एका तापवलेल्या पुतळ्याला आतले लांब कपडे आणि मोजे घालतात, चटईवर बॅगेत झोपवतात आणि त्याची उष्णता किती वेगाने निसटते ते मोजतात. त्यातून वेगवेगळे आकडे निघतात. ‘कम्फर्ट’ हा आकडा धरलेला आहे एका पंचवीस वर्षांच्या, ६० किलोच्या, १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी, जी अंग सैल सोडून उताणी झोपली आहे. ‘लिमिट’ हा आहे पंचवीस वर्षांच्या, ७३ किलोच्या पुरुषासाठी, जो अंग आखडून झोपला आहे पण अजून कुडकुडत नाही. दोन्हींत सहसा पाच-सहा अंशांचा फरक असतो. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल एवढंच, झोपेशी त्याचा संबंध नाही.

बॅगेच्या नावात मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा पुष्कळदा ‘लिमिट’चा असतो. म्हणजे तो त्या पुरुषाचा. पन्नाशीकडे झुकलेल्या, दिवसभर चढून दमलेल्या, अर्धपोटी झोपलेल्या बाईचा आकडा तुम्हाला कुठल्याच पाटीवर मिळणार नाही. मी ‘कम्फर्ट’ बघते, आणि त्यातूनही आणखी चार-पाच अंश सोडते. पुरुषांपैकी ज्यांना थंडी वाजते त्यांनीही तेच करावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

वेस्टर्न माउंटेनियरिंगचा आकडा मला विश्वासार्ह वाटतो, कारण तो बॅगेकडे बघून पटतो. बॅग पिशवीतून काढून अर्धा-एक तास मोकळी पसरून ठेवली की ती हळूहळू वर येते, पिंजलेल्या कापसासारखी. कंपनी या बॅगेचा फुगवटा पाच इंच सांगते, दोन्ही थर धरून. म्हणजे अंगावर अडीच इंच. पट्टी लावून बघा, दुकानात कोणी अडवत नाही. ऊब देते ती त्या अडीच इंचात अडकून राहिलेली हवा. पिसं फक्त तिला हलू देत नाहीत. एकदा इथल्या एका दुकानातून भाड्याने आणलेल्या बॅगेवर याच बॅगेइतकाच आकडा छापलेला होता, पण पसरल्यावर ती दोन बोटं वर आली नाही. त्या बॅगेत ती रात्र कशी गेली ते वेगळं सांगायला नको.

आता पिसांच्या दर्जाबद्दल. पाटीवर ६५०, ८०० किंवा ८५० असे आकडे दिसतात. एक औंस डाउन मोकळं सोडलं तर किती घन इंच जागा व्यापतं, तो हा आकडा. अल्ट्रालाइटमध्ये ८५० च्या वरचं डाउन आहे. पण या आकड्याच्या मोहात पडून लोक दुसरा आकडा विसरतात: डाउन किती घातलं आहे. सहा फुटी मापाच्या अल्ट्रालाइटचं एकूण वजन २९ औंस, साधारण ८२० ग्रॅम, आणि त्यातले १६ औंस नुसतं डाउन. म्हणजे अर्ध्याहून जास्त वजन ऊब देणारं. १६ ला ८५० ने गुणलं की १३,६०० घन इंच. आता तेवढीच जागा ६५० च्या डाउनने भरायची तर सुमारे २१ औंस लागतील. म्हणजे फरक पडला पाच औंसांचा, जेमतेम १४० ग्रॅमचा.

हा हिशेब मी मुद्दाम मांडते, कारण अल्ट्रालाइटची किंमत पाचशे डॉलरच्या बऱ्याच वर आहे आणि ती सगळ्यांना परवडेल असं नाही. ज्यांना नाही परवडत त्यांनी ‘८५० नाही म्हणजे गरम नाही’ असं मानू नये. ६५० चं, बदकाचं डाउन असलेली आणि पोटभर भरलेली बॅग तितकीच ऊब देईल. थोडी जड असेल, पिशवीत थोडी जास्त जागा खाईल. पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालायचं नसेल, गाडी तंबूपर्यंत जात असेल, तर हे १४० ग्रॅम वाचवण्यासाठी दुप्पट पैसे घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मी घातले, कारण मी माझं ओझं स्वतः वाहते आणि माझे गुडघे त्याचा रोज हिशेब ठेवतात.

मग बाकी पैसे कशाचे? बांधणीचे. गळ्याशी डाउन भरलेली जाड पट्टी आहे, कॉलर म्हणतात तिला, आणि दोरी ओढली की ती खांद्यांवर बसते. ही नसेल तर कुशीवर वळताना दर वेळी आतली गरम हवा भस्सकन बाहेर जाते. उणे पाचच्या खाली जायचं असेल तर बिनकॉलरची बॅग घेऊच नका. चेनच्या मागे डाउनची नळी आहे, आणि कापड चेनमध्ये अडकू नये म्हणून बाजूने ताठ पट्टी शिवली आहे. रात्री दोनला हातमोजे घालून चेन उघडायची वेळ येते तेव्हा त्या पट्टीचं मोल कळतं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आडवे कप्पे बॅगेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड आहेत. बॅग पसरून हाताने हळूहळू थोपटत डाउन खालच्या बाजूने वरच्या बाजूला आणता येतं. थंडी जास्त असेल तर मी झोपायच्या आधी हे करते, पायांकडे जरा अधिक. मे महिन्यात उलटं करते. काहींना हे आवडत नाही, कारण डाउन आपोआपही सरकू शकतं. अशांनी कप्पे मध्ये बंद केलेली बॅग घ्यावी. मला मात्र ही सोय फार मोलाची वाटते.

माप जपून निवडा. ही बॅग साडेपाच, सहा आणि साडेसहा फुटी मापांत येते, खांद्यांशी घेर ५९ इंच. मी साडेपाच फुटी घेतली. लांब बॅग घेतली असती तर पायाशी उरलेली पोकळी रात्रभर माझ्याच अंगाने तापवावी लागली असती. उलट फार तंगही नको, कारण आत जाड जाकीट घालून झोपलात आणि डाउन आतून दाबलं गेलं तर फुगवटाच जातो. मी घेण्याआधी सिएटलच्या फेदर्ड फ्रेंड्सची ‘इग्रेट’ही बघत होते. ती खास बायकांच्या अंगाने बेतलेली आहे आणि कंबर रुंद असलेल्या मैत्रिणींना मी तीच सुचवते.

पण बॅग कितीही चांगली असली तरी तुमच्या पाठीखालचं डाउन चेपलेलंच असतं, आणि चेपलेलं डाउन जवळजवळ काहीच ऊब देत नाही. खालून थंडी अडवायची ती चटईने. चटईचा आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो, जितका मोठा तितकी खालची थंडी जास्त अडते, आणि दोन चटया एकावर एक घातल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. माझ्याकडे थर्मारेस्टची फुगवायची ‘निओएअर एक्सलाइट एनएक्सटी’ आहे, ४.५ ची. तिच्याखाली त्यांचीच घडीची ‘झी लाइट सोल’ घालते, २ ची. साडेसहा झाले. बर्फावर पाचच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. घडीच्या चटईचा आणखी एक फायदा: वरची फुटली तरी रात्र निभावते. पैसे मोजकेच असतील तर आधी चटई नीट घ्या, बॅग वर्षभर भाड्याची वापरा. अमेरिकेत आरईआय या भटकंतीच्या सामानाच्या साखळीच्या बऱ्याच दुकानांत भाड्याने मिळते.

आत जाताना मी अंगात कोरडे कपडे घालते. दिवसभराचे मोजे पायात ठेवायचे नाहीत, मग ते कितीही कोरडे वाटोत. जाड प्लास्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात गुंडाळून मांड्यांमध्ये ठेवते, पावलांशी नंतर सरकवते. झोपण्याआधी तूप घातलेली गरम खिचडी. पोटात काही नसेल तर बॅग काय धरून ठेवणार? आणि लघवीला लागली की उठून जाऊन यायचं, सकाळपर्यंत थांबून झोप येत नाही.

डाउनचं खरं वैर ओलाव्याशी. तोंड बॅगेत घालून झोपू नका. श्वासाची वाफ आत जाते आणि पिसं गोळा होतात. नाक-तोंड बाहेर, बाकी सगळं आत, डोक्याला लोकरीची टोपी. एका रात्रीत फरक जाणवत नाही, पण सलग तीन-चार रात्री राहिलात तर अंगातून निघणारा ओलावा पिसांत साठत जातो आणि बॅग उतरत जाते. दुपारी ऊन पडलं की ती तंबूवर उलटी करून टाकायची. घरी आल्यावर छोट्या पिशवीत कोंबून ठेवायची नाही. सोबत मोठी सुती पिशवी मिळते, तिच्यात सैल ठेवायची. धुवायची तर डाउनसाठीच्या साबणाने, पुढून दार असलेल्या मशीनमध्ये, आणि मग मोठ्या ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसच्या चेंडूंबरोबर. तासनतास लागतात. गाठी पूर्ण मोकळ्या होईपर्यंत काढू नका, नाहीतर आत कुजका वास बसतो.

पिसांबद्दल आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि तिचा प्रश्न रास्त आहे. डाउन हंसांच्या किंवा बदकांच्या पोटाछातीवरचं असतं, आणि बहुतेक वेळा मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांपासून येतं. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटण्याचे प्रकारही या धंद्यात झालेले आहेत. २०१४ पासून ‘रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड’, आरडीएस, असा शिक्का आहे, ज्यात तसं उपटणं आणि पक्ष्यांना बळजबरीने खायला घालणं दोन्हीला मनाई आहे. कुठल्याही कंपनीची बॅग घेताना पिसं कुठून येतात हे विचारा. ज्यांना पिसं नकोच आहेत त्यांनी कृत्रिम भरावाची बॅग घ्यावी. ती जड असते, लवकर दबते, पण ओली झाली तरी बरीच ऊब राखते. आमच्याकडे मुलीची बॅग तशीच आहे, तिच्या आग्रहावरून, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: सह्याद्रीसाठी ही बॅग घेऊ नका. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरातही हिच्यात घामाघूम व्हाल. तिथे हलकी बॅग आणि एक शाल पुरते. उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला मात्र ही शोभते. सांक्रीहून वर जुडा का तालावला आम्ही डिसेंबरात राहिलो तेव्हा मी हीच नेली होती, आणि रात्री जाकीट काढून उशाला घेतलं. तसे बहुतेक आयोजक बॅग देतात, तेव्हा एका ट्रेकसाठी एवढा खर्च करू नका. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायच्या चादर ट्रेकला, जिथे जानेवारीत पारा उणे २५ पर्यंत उतरतो, ही एकटी अजिबात पुरणार नाही. तिथे आयोजकांची मोठी, ढगळ बॅग बाहेर आणि ही आत, असं करता येतं, फक्त बाहेरची इतकी मोठी हवी की आतलीचा फुगवटा दबणार नाही. निघायच्या आधी घरच्या जमिनीवर दोन्ही एकात एक घालून, आत शिरून बघा.